ऊसतोडीच्या पोरांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवायचाय? पंचायतीकडं पैसे मागायला जायच्या आधी हे बघा

दसरा झाला की आमच्या बीडकडं टोळ्या हलायला लागतात, मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात त्यामुळं थांबणं शक्यच नसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एक जोडी, आणि पोरं एकतर फडावर नाहीतर गावात म्हातारीपाशी. हंगामी वसतिगृह असेल तर जेवणाचं तरी भागतं, पण शाळा सुटल्यावर ही पोरं कुठं असतात ते कुणी विचारत नाही. सातवी-आठवीच्या पोरी असल्या की आजीला घोर लागतो आणि मग स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून संध्याकाळी ५ ते ७ वर्ग. पैसा ग्रामपंचायतीकडं असतो, फक्त कधी आणि कुठल्या हेडमधून (खर्चाच्या खात्यातून) मागायचा एवढं कळलं पाहिजे.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. मी पहिल्या वर्षी दिवाळीनंतर अर्ज घेऊन गेले तर सरळ सांगितलं, ताई आराखड्यात नाही तर देणार कुठून. आराखडा म्हणजे पंचायतीच्या कामांचं आणि खर्चाचं नियोजन, तो पुढच्या वर्षाचा असतो, त्याचं काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं, आणि ई-ग्रामस्वराजवर (पंचायतीच्या आराखड्याचं आणि पेमेंटचं सरकारी पोर्टल) जे काम चढलंच नाही त्याचं पेमेंट निघत नाही, सरपंच कितीही चांगला असूद्या. म्हणजे पुढच्या हंगामाची तयारी या हंगामात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, विषय तिथंच मांडा, कारण ग्रामसभेत रस्ता आणि गटार यावरच दोन तास जातात. कोरमला (सभेला लागणारी किमान हजेरी) १५ टक्के मतदार किंवा १०० जण यातला कमी आकडा लागतो, तो भरला नाही की सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून त्या दिवशी घरी बसू नका, खरे ठराव तेव्हाच होतात!! ठरावाची नक्कल सहीशिक्क्यासकट त्याच आठवड्यात घ्या.

आता हेड. १५व्या वित्त आयोगाच्या पैशात (केंद्राकडून पंचायतीला येणारा निधी, मुदत मार्च २०२६ पर्यंतची) ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेले ४० अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणं वापरायचे, पण त्यातून पगार-मानधन काढता येत नव्हतं. अशा अबंधित पैशातून सतरंज्या, फळा, लाईट फिटिंग, पुस्तकांचं कपाट असल्या वस्तू मागा. शिकवणाऱ्या पोरीचं मानधन मागायचं ते पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या महिला व बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून. हिशोब घरूनच करून जा. समजा घरपट्टी-पाणीपट्टी धरून उत्पन्न ४ लाख, तर १० टक्के म्हणजे ४० हजार. मानधन महिना ३ हजार, ६ महिन्यांचे १८ हजार. खाऊ ३० पोरांना रोज ५ रुपयांचा, महिन्याचे २५ दिवस, ६ महिने, म्हणजे साडेबावीस हजार. झाले साडेचाळीस, ५०० रुपये वरच. आणि त्याच ४० हजारांवर अंगणवाडीची खेळणी अन् शिलाई मशीनवाले पण डोळा ठेवून असतात. म्हणून मी खाऊ अर्जातून काढूनच टाकला, शेंगदाणे-गूळ गावातनं मागितला, लोक देतात, मानधन मात्र कुणी देत नाही. मागच्या वर्षीचं अखर्चित किती ते पण विचारा, बऱ्याचदा तिथंच पैसे पडलेले असतात.

ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण तोंडात बसत नाही) भेटताना एक आठवण हळूच करून द्या, गावात बालविवाह रोखायची जबाबदारी त्यांच्यावरच आहे. आठवीतल्या किती पोरी आई-बापाविना गावात आहेत हा आकडा समोर ठेवला की फाईल हलते, स्वतः बघितलंय. यादी अंगणवाडी ताई आणि वर्गशिक्षकांकडून करा, नाव, इयत्ता, राहतं कुणाकडं, आई-बाप कुठल्या कारखान्यावर आणि मुकादमाचा नंबर. ही यादी पंचायतीला आकड्यातच द्या, नावांसकट नाही, ती फळ्यावर लागली की अख्ख्या गावाला कळतं कुठल्या घरात पोरगी एकटी आहे.

खोली शाळेचीच बरी, त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. किल्ली कुणाकडं राहणार ते त्यात लिहून घ्या, नाहीतर रोज शिपाईमामाला शोधत फिरा. मीटर चालू आहे का तेही बघा, आमचं कापलेलं निघालं, थकबाकी भरेपर्यंत पंधरा दिवस गेले. शिकवणाऱ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, ओळखीतला असला तरी, आणि वर्गात कायम दोन मोठी माणसं पाहिजेत, त्यातली एक बाई. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात.

बिलं पक्की घ्या, वहीच्या कागदावरचं बिल ऑडिटला चालत नाही. मानधनाचा पहिला हप्ता उशिराच येतो असं धरून चाला, आम्हाला जानेवारी उजाडला होता, तोवर दोन महिन्यांचे पैसे कोण घालणार ते आधीच ठरवा आणि त्या पोरीला स्पष्ट सांगा, ती अर्ध्यात सोडून गेली की वर्ग बसला.

आणि बॅटऱ्या. डिसेंबरात सहालाच अंधार पडतो, वस्तीवरच्या पोरी ७ वाजता रानातनं जाणार कशा. दोन बॅटऱ्या घ्या, चार्जिंगच्या, आणि सोडायला कोण जाणार त्याचं वारानुसार नाव लिहून दारामागं चिकटवा.