वसंतात पर्वतीय राष्ट्रीय उद्यानाला भेट देताना या चुका टाळा

दिनदर्शिकेतला वसंत आणि पर्वतावरचा वसंत एकाच दिवशी येत नाहीत, याचा विसर पडणे ही पहिली चूक असून पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. दर १००० मीटर उंचीमागे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे खोऱ्यात १६ अंशांचे प्रसन्न ऊन असताना २००० मीटर वरच्या खिंडीत ते जेमतेम तीन अंश असते आणि वारा असेल तर त्याहूनही कमी जाणवते. म्हणून अंदाज पाहायचा तो मुक्कामाच्या ठिकाणचा नव्हे, तर ज्या उंचीवर जायचे आहे तिथला.

अमेरिकेतील योसेमिटी उद्यानातून जाणारा टायोगा रोड सहसा मेअखेरीस किंवा जूनमध्ये खुला होतो. २०२३ मध्ये अतोनात हिमवृष्टीमुळे त्यासाठी जुलै उजाडावा लागला. रॉकी माउंटन उद्यानातला ट्रेल रिज रोड ३,७१३ मीटर उंचीवर चढतो आणि तोही मेअखेरीपूर्वी क्वचितच सुरू होतो. असा रस्ता गृहीत धरून एका प्रवेशद्वाराने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडण्याचा बेत आखला, तर सगळी सहल कोलमडते. बेत आधीच फसला असेल, तर हळहळत बसण्यापेक्षा खोऱ्यात थांबावे. ज्या बर्फाने रस्ता अडवला, त्याच्याच पाण्याने मे महिन्यात योसेमिटीचे धबधबे ऐन भरात असतात.

सर्वांत घातक चूक मात्र वेळेची असते. रात्रीच्या गारठ्यात घट्ट झालेले बर्फ सकाळी पायाखाली टणक लागते, आणि तेच दुपारी इतके भुसभुशीत होते की पाय मांडीपर्यंत रुततो. याच वेळी उन्हाने भिजलेल्या उतारांवरून ओले हिमप्रपातही सुटू शकतात. ओढ्यांचेही तसेच आहे: दिवसभर वितळलेले पाणी उशिरा दुपारी आणि संध्याकाळी खाली पोहोचते, त्यामुळे सकाळी दगडांवरून सहज ओलांडलेला ओढा परतताना ओलांडण्याजोगा राहीलच असे नाही. म्हणून पहाटे निघावे आणि माघारी फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. पाणी चढलेलेच आढळले, तर पूल असलेला लांबचा मार्ग धरावा किंवा ते ओसरेपर्यंत अलीकडच्या काठावर थांबावे. गुडघाभर वेगवान पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडू शकते. ओढ्यावर साचलेल्या बर्फाचा तर पूल समजूच नये, कारण तो खालून पोखरलेला असतो.

आकाश ढगाळ आहे म्हणून काळा चष्मा आणि उन्हापासून संरक्षण देणारे मलम मागे ठेवू नये. ताजे बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परत उसळवते, त्यामुळे हनुवटीखालची त्वचाही भाजते.

पायवाटेवर चिखल दिसला की बाजूच्या गवतावरून चालणे अनेकांना सभ्यपणाचे वाटते, पण त्यामुळे नुकतेच फुटलेले कोंब तुडवले जातात आणि वाट दर वर्षी रुंदावत जाते. बूट चिखलाचे होऊ द्यावेत. ते धुता येतात.

शेवटची चूक दयाबुद्धीने होते. हरणाचे एकटे पाडस दिसले, की त्याची आई हरवली असावी असे वाटते. वास्तविक पोटासाठी जाताना आई त्याला मुद्दाम लपवून जाते. मे २०२३ मध्ये यलोस्टोनला एका पर्यटकाने नदीकाठी अडकलेल्या अमेरिकी गव्याच्या (बायसनच्या) वासराला हात लावून वर ढकलले. त्यानंतर कळपाने त्याला स्वीकारले नाही आणि अखेर उद्यानाला त्या वासराचे प्राण घ्यावे लागले. त्या उद्यानात गव्यांपासून किमान २३ मीटर आणि अस्वले व लांडग्यांपासून ९१ मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. पिल्लू खरोखरच जखमी दिसले, तर जागेची खूण लक्षात ठेवून वनरक्षकाला कळवावे आणि त्याच्या आईला परतता यावे म्हणून तिथून निघून जावे.