अमेरिकेत कॉलेजच्या संघातून खेळायला निघालात? ‘कर्मचारी’ या शब्दाचे पाच अर्थ आधी समजून घ्या

डिव्हिजन १ (कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पातळी) आणि ३ मधला फरक, आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद), सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद), दर सेमिस्टरला १२ क्रेडिटची, म्हणजे पूर्णवेळ अभ्यासाची, अट, हे तुम्हाला माहीत आहे असं इथे धरलं आहे. टेनिस, स्क्वॉश, पोहणं, गोल्फ किंवा अ‍ॅथलेटिक्सच्या जोरावर महाराष्ट्रातून अमेरिकेतल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि घरी बसून काळजी करणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिलं आहे. डिव्हिजन १ च्या टेनिसमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी असतात, त्यामुळे तिथे परकं वाटायचं कारण नाही. पण तिथे वर्षानुवर्षं एक भांडण चालू आहे आणि त्यात तुमचा पाय पडणार आहे: कॉलेजचा खेळाडू फक्त विद्यार्थी आहे की कॉलेजचा कर्मचारीही? त्याला युनियन करता यावी का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. सरावाची वेळ, प्रवास, जेवण, सुट्टीत घरी कधी जायचं, कोणता तास घेता येईल, हे सगळं जिथे कोच ठरवतो आणि त्याच्या बदल्यात शिष्यवृत्ती किंवा दुसरं काही मिळतं, तिथे ती नोकरीच आहे. ती करणाऱ्यांना युनियनचा हक्क हवा. हे मत कायम ठेवूनही सांगतो की एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाने या वादात डोळे मिटून उडी घेऊ नये.

कारण एक सापळा आहे, आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. ‘कर्मचारी’ हा शब्द अमेरिकेत एकाच कायद्यात नाही. युनियनसाठी १९३५ चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा आहे. किमान वेतन आणि जादा तासांसाठी १९३८ चा कायदा आहे. कामावर दुखापत झाली तर भरपाई राज्याच्या कायद्याने मिळते. कर खात्याची व्याख्या वेगळी आणि इमिग्रेशनची आणखी वेगळी. त्याच मुलाच्या त्याच चार तासांच्या सरावाबद्दल हे पाच कायदे पाच उत्तरं देऊ शकतात. सापळा असा, की आपण एका खिडकीवर मिळालेलं उत्तर दुसऱ्या खिडकीवर चालेल असं धरतो. कॉलेज म्हणतं, ‘तू आमचा कर्मचारी नाहीस.’ मुलगा समजतो, ‘म्हणजे मी करतो ते काम नाही.’ इमिग्रेशनच्या नियमात असं कुठेही लिहिलेलं नाही.

याचं सगळ्यात धोक्याचं रूप म्हणजे एनआयएल, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरून मिळणारे पैसे. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळाचे नियम करणाऱ्या संघटनेने, ही मुभा दिली. पहिल्याच आठवड्यात रूममेटला गावातल्या पिझ्झावाल्याकडून २०० डॉलर मिळतात. तुम्हालाही कोणी म्हणतं, रॅकेटसोबत फोटो टाक, बूट फुकट. तुम्ही नियमाप्रमाणे क्रीडा विभागाच्या कॉम्प्लायन्स ऑफिसला विचारता, ते म्हणतात, ‘चालेल, फॉर्म भर.’ इथेच घात होतो. कॉम्प्लायन्स ऑफिस एनसीएएचे नियम बघतं, तुमचा व्हिसा बघत नाही. व्हिसाचं उत्तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओकडे (व्हिसाचे कागद बघणारा कॉलेजचा अधिकारी) किंवा इमिग्रेशनच्या वकिलाकडे असतं. दोन वेगळ्या इमारती, दोन वेगळी उत्तरं, आणि बहुतेक वेळा त्यांचं आपसात बोलणं झालेलं नसतं.

एफ-१ वर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय केलेलं काम हे बेकायदा काम ठरतं. ‘मी कोणाचा नोकर नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहे’ म्हटल्याने सुटका होत नाही. पैसे न घेता बूट, जेवण किंवा गाडी घेतली तरी सुटका होत नाही. मोबदला वस्तूत असला तरी तो मोबदलाच. पुण्यातल्या कंपनीने पुण्यातल्या खात्यात रुपये टाकले तरीही नाही, कारण बघितलं जातं ते काम करताना तुम्ही कुठे होतात. होस्टेलच्या खोलीत बसून रील केलं तर ते अमेरिकेत केलेलं काम.

याची शिक्षा इतर चुकांसारखी नसते, म्हणून एवढं ताणून सांगतोय. क्रेडिट १२ च्या खाली गेले आणि स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर हक्क, गेलं, तर पुन्हा स्टेटस मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. त्या अर्जाची एक अट अशी आहे की तुम्ही कधीही परवानगीशिवाय काम केलेलं नसावं. म्हणजे २०० डॉलरच्या फोटोने परतीची ती वाटही बंद होते. हे वाचून घाबरून गेलात तर ते चुकीचं नाही. एवढी भीती हवीच.

आता दिलासा. काम देशाबाहेर केलं तर प्रश्न बराच सोपा होतो. केंटकीचा ऑस्कर त्शिब्वे हा काँगोचा बास्केटबॉलपटू. २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामासला गेला तेव्हा त्याने जाहिरातींची कामं तिथे उरकली. तुम्हीही मे ते ऑगस्ट घरी असताना शूटिंग, करार आणि सह्या इथेच संपवू शकता. भारतातला कर मात्र भरा. शेअरचा लाभांश, बँकेचं व्याज, म्हणजे ज्यात हात हलवावा लागत नाही असं उत्पन्न, अमेरिकेत राहूनही चालतं. नुसता चेहरा वापरू देण्याचे पैसे या गटात बसतात का, यावर वकिलांमध्ये मतभेद आहेत. तिथे कराराची भाषा महत्त्वाची. ‘खेळाडूची कर्तव्यं’ या मथळ्याखालचा भाग आधी वाचा. तिथे हजर राहणं, पोस्ट करणं, सह्या देणं असं एक क्रियापद जरी दिसलं तरी ते काम आहे असं समजा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

मूळ वाद समजायला थोडा इतिहास लागतो. त्याची सुरुवात दुखापतीच्या भरपाईतून झाली. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या नेमेथ या फुटबॉलपटूला (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल) कर्मचारी मानून भरपाई दिली. त्याला टेनिस कोर्टांच्या देखभालीसाठी महिन्याला ५० डॉलर मिळत, आणि फुटबॉल चांगला खेळला तरच ते काम टिकत असे. १९५५ मध्ये फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने ती नाकारली: कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही, असं कारण दिलं. ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द याच काळात एनसीएएने रूढ केला, आणि तो असे दावे रोखण्यासाठीच होता हे तिचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतः कबूल केलं. कोचच्या तोंडून हा शब्द ऐकाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

युनियनच्या दोन मोठ्या लढाया झाल्या, दोन्ही खासगी विद्यापीठांत. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी क्वार्टरबॅक केन कोल्टरच्या पुढाकाराने जानेवारी २०१४ मध्ये अर्ज केला. १९३५ चा कायदा राबवणाऱ्या राष्ट्रीय कामगार संबंध बोर्डाच्या शिकागोतल्या प्रादेशिक संचालकांनी २६ मार्च २०१४ रोजी त्यांना कर्मचारी ठरवलं. आधार दोन होते: ऑगस्टच्या शिबिरात आठवड्याला ५० ते ६० तास आणि हंगामात ४० ते ५० तास कोचच्या ताब्यात, आणि वर्षाला सुमारे ६१,००० डॉलरची शिष्यवृत्ती. मतदान झालं, पण ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या बोर्डाने प्रकरण हातात घ्यायलाच नकार दिला आणि मतपेट्या कधी उघडल्या नाहीत. खेळाडू कर्मचारी नाहीत असं बोर्ड म्हणालं नाही. अडचण वेगळी होती. १९३५ चा कायदा सरकारी विद्यापीठांना लागू नाही, आणि ज्या लीगमध्ये जवळपास सगळे संघ सरकारी, तिथे एकाच खासगी संघाला युनियन दिली तर घडी विस्कटेल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसरी लढाई डार्टमथची. डार्टमथ ज्यात आहे त्या आयव्ही लीगमध्ये, म्हणजे जुन्या नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटात, क्रीडा शिष्यवृत्ती नसतेच. तरी ५ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथल्या पुरुष बास्केटबॉल संघाला कर्मचारी मानलं गेलं, कारण प्रवेशात मिळणारी मदत, बूट-कपडे, तिकिटं आणि प्रवासातलं राहणं-जेवण हाही मोबदला धरला गेला. ५ मार्चला १३ विरुद्ध २ मतांनी युनियन झाली. कॉलेजने वाटाघाटी नाकारल्या, आणि सत्तांतरानंतर बोर्ड बदलून निकाल उलटेल या भीतीने ३१ डिसेंबर २०२४ रोजी अर्ज मागे घेतला गेला. खेळाडूंना कर्मचारी मानणारा बोर्डाच्या मुख्य वकिलांचा २०२१ चा मेमोही फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाला.

वेतनाच्या कायद्यात दार किलकिलं आहे. ११ जुलै २०२४ रोजी फिलाडेल्फियातल्या तिसऱ्या सर्किट न्यायालयाने (सर्किट म्हणजे ठरावीक राज्यांसाठीचं संघीय अपील न्यायालय) खेळाडूंनी वेतनासाठी केलेल्या जॉन्सन खटल्यात सांगितलं की हौशी खेळाची जुनी परंपरा पुढे करून प्रश्न टाळता येणार नाही. प्रामुख्याने दुसऱ्याच्या फायद्यासाठी, त्याच्या नियंत्रणाखाली आणि मोबदल्याच्या बदल्यात खेळणारा कर्मचारी असू शकतो. त्याआधी सातव्या आणि नवव्या सर्किटने उलट निकाल दिले होते. म्हणजे उत्तर तुमचं कॉलेज कोणत्या राज्यात आहे यावरही ठरतं. मिशिगन आणि ओहायो यांनी २०१४ मध्येच कायदे करून सरकारी विद्यापीठांतल्या खेळाडूंना युनियनचा रस्ता बंद केला. नॉर्थ कॅरोलायनात तर कुठल्याच सरकारी नोकरांना सामूहिक करार करता येत नाही. ऑफर लेटर हातात आलं की पहिला प्रश्न हाच: कॉलेज सरकारी की खासगी, आणि राज्य कोणतं?

उद्या खेळाडू कर्मचारी ठरलेच तर एफ-१ वाल्याचं काय? इथे २० तासांचे दोन नियम एकमेकांत मिसळले जातात. एनसीएएचा नियम: हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला ४. व्हिसाचा नियम: सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरची नोकरी आठवड्याला २० तास. आकडा तोच असला तरी मोजणी वेगळी. एनसीएएच्या हिशेबात सामन्याचा दिवस, तो पाच तास चालला तरी, ३ तासांचा धरतात; प्रवास, फिजिओ आणि ‘ऐच्छिक’ व्यायाम मोजतच नाहीत. खेळ जर उद्या कॅम्पसवरची नोकरी ठरला तर खरे तास मोजावे लागतील, आणि मेसमध्ये किंवा लायब्ररीत केलेले ८ तासही त्याच २० मध्ये येतील. युनियनच्या करारात परदेशी मुलांसाठी वेगळं कलम का हवं, ते इथे कळतं.

युनियनमध्ये गेल्याने व्हिसा जातो ही मात्र निव्वळ अफवा आहे. अशा विद्यार्थ्यांना कर्मचारी मानणाऱ्या, कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणातल्या २०१६ च्या निकालानंतर खासगी विद्यापीठांत शिकवणारे, संशोधन करणारे हजारो परदेशी विद्यार्थी युनियनचे सभासद झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ च्या अखेरीस सुमारे ४८,००० जण संपावर गेले, त्यातही एफ-१ वाले होते. तुमच्या ओळखीत तिथे पीएचडी करणारं कोणी असेल तर आधी त्यांना विचारा. या बाबतीत त्यांचा सल्ला कोचपेक्षा शंभर पटीने उपयोगी पडेल.

कोच वाईट नसतो. पण त्याची नोकरी जिंकण्यावर टिकते, तो तुमचा पालक नव्हे. आणि भारतात बसून लाखो रुपये घेऊन ‘फुल स्कॉलरशिप’ची हमी देणारे एजंट टाळा. ईमेल आणि सामन्यांचे व्हिडिओ तुम्ही स्वतः पाठवू शकता. हमी देणं त्यांच्या हातातच नसतं, विशेषतः आता. ‘हाउस’ नावाच्या खटल्यात ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीनंतर प्रत्येक कॉलेजला पहिल्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, सुमारे २०.५ दशलक्ष डॉलरपर्यंत खेळाडूंना थेट वाटण्याची मुभा मिळाली. यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. बदल्यात संघांच्या आकाराला मर्यादा आल्या: टेनिसला १०, गोल्फला ९. अकराव्या खेळाडूला जागाच नाही. कोचला लेखी विचारा: रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, माझी जागा पक्की आहे का, शिष्यवृत्ती किती वर्षांची, दुखापत झाली तर ती राहील का?

दुखापतीचं आणखी एक. भरपाईचा कायदा तुम्हाला लागू नसल्याने विम्यावरच भिस्त असते. १ ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन १ च्या कॉलेजांवर खेळातल्या दुखापतीचा खर्च कॉलेज संपल्यावरही दोन वर्षं उचलण्याचं बंधन आहे. पण परत भारतात आल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेचं बिल चालेल का, हे आधीच लिहून घ्या.

कराचं थोडक्यात: शिष्यवृत्तीतल्या फी आणि पुस्तकांच्या भागावर कर नाही, राहण्या-जेवणाच्या भागावर आहे. त्या भागातून एफ-१ वाल्यांचे १४ टक्के कापतात. १२,००० डॉलरवर १,६८० डॉलर. पहिल्या सेमिस्टरला हे बिल आलं की घरी धक्का बसतो. भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) मिळतं, त्यामुळे १०४०-एनआर हे कर विवरणपत्र भरल्यावर यातलं बरंचसं परत येऊ शकतं. मार्चमध्ये कॉलेजकडून १०४२-एस, म्हणजे कापलेल्या कराचा दाखला, मागून घ्या. उत्पन्न शून्य असलं तरी फॉर्म ८८४३ भरायचाच.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. फोनमधली नोंद नको, ती हरवते. रोज चार रकाने: किती वाजता बोलावलं, किती वाजता सोडलं, कोणी बोलावलं, न गेल्यास काय होईल असं सांगितलं. ‘ऐच्छिक’ सराव, बसचे तास, बर्फाच्या टबमधली वीस मिनिटं, सगळं लिहा. कोचचे मेसेज आणि आठवड्याचं वेळापत्रक जपून ठेवा. नॉर्थवेस्टर्नचा पहिला निकाल अशाच तासांच्या हिशेबावर उभा होता. प्रोफेसरकडे परीक्षा पुढे ढकलायला, डीएसओकडे क्रेडिट कमी करण्याची परवानगी मागायला, विम्याच्या दाव्यात दुखापत सरावातच झाली हे दाखवायला हीच वही लागते.