उपनगरी रस्त्यासाठी हलकी रेल्वे, बस की मेट्रो : सुनावणीत बाजू कशी मांडावी

पुण्यातील नगर रस्त्यावर येरवड्याच्या पुढे बससाठी राखलेला मार्ग २०१६ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांतच टप्प्याटप्प्याने उखडण्यात आला. त्याच रस्त्यावर मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोहोचली आणि तेथून वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतच्या विस्ताराला जून २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. एका दशकात एकाच रस्त्याने दोन पद्धती पाहिल्या, पण ‘बस हवी की मेट्रो, की या दोहोंमधली हलकी रेल्वे’ हा वाद जिथे जिथे झाला तिथे तो बहुतेक वेळा वाहनाच्या रूपावरच अडकला. आपल्या उपनगरात असा प्रस्ताव आला असेल आणि सुनावणीत बोलायचे असेल, तर वाहनाचा विषय मागे ठेवून वाटेच्या विषयाने सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीला स्वतःची, कोणीही न अडवणारी वाट मिळणार आहे का, आणि ती कोणाच्या वाट्याच्या रस्त्यातून काढली जाणार आहे, या प्रश्नाचे उत्तर मिळाले की उरलेला निम्मा वाद आपोआप मिटतो.

हलकी रेल्वे म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यावे, कारण सभागृहात या एका शब्दाखाली ट्राम, मोनोरेल, निओ असे सगळे एकत्र कालवले जाते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’चे निकष जाहीर केले. त्यात साधारण तीन डब्यांची, सुमारे ३०० प्रवाशांची, शक्यतो रस्त्याच्या पातळीवर राखीव पट्ट्यातून धावणारी रेल्वे अभिप्रेत आहे आणि गर्दीच्या तासात एका दिशेने १५,००० पर्यंत प्रवासी असतील अशा मार्गांसाठी ती सुचवली आहे. ‘मेट्रोनिओ’ ही त्याहून हलकी, रबरी चाकांची आणि वरच्या तारेतून वीज घेणारी जोडबस असून तिची मर्यादा एका दिशेने ताशी ८,००० प्रवाशांच्या आसपास धरलेली आहे. एकाच तुळईवरून धावणारी मोनोरेल या दोहोंत बसत नाही. मुंबईतील मोनोरेलचा दाखला देऊन हलक्या रेल्वेला हाणून पाडणारे वक्ते हमखास भेटतात. त्या मार्गावर नोव्हेंबर २०१७ मध्ये डब्यांना आग लागून सेवा सुमारे दहा महिने बंद राहिली, हे खरेच आहे. पण तिथे गाडी आणि तुळई यांची रचना इतकी खास होती की डबे आणि सुटे भाग दुसरीकडून मिळवणे अवघड होते. साध्या रुळांवरच्या हलक्या रेल्वेला ही अडचण त्या प्रमाणात येत नाही. उलट, मेट्रोलाइट हा लेख लिहीपर्यंत देशात कुठेही प्रत्यक्ष धावलेली नाही, हा आक्षेप रास्त आहे आणि तो आपल्यावर घेतला जाईल हे गृहीत धरून तयारी करावी.

यानंतर स्वतः मोजणी करावी. प्रकल्प अहवालात ‘दररोज इतके लाख प्रवासी’ असा आकडा ठळक छापलेला असतो, परंतु पद्धत ठरते ती गर्दीच्या तासात, गर्दीच्या दिशेने, सर्वांत भरलेल्या टप्प्यावरून किती माणसे जातात यावर. ही संख्या काढायला यंत्र लागत नाही. मी एकदा सकाळी नऊ ते दहा या वेळेत खराडी बायपासच्या चौकात वही घेऊन उभा राहिलो होतो. प्रत्येक बसपुढे ‘जागा रिकाम्या’, ‘बसून भरली’, ‘उभे’ आणि ‘दारात लोंबकळणारे’ अशा चार रकान्यांपैकी एकात खूण करायची आणि दर पाच मिनिटांनी खाली रेघ ओढायची, इतकेच काम होते. पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात आले की माझ्या वहीत मोठा खड्डा राहिला आहे, कारण आयटी कंपन्यांच्या पांढऱ्या बस आणि सहा आसनी रिक्षा यांना मी रकानाच ठेवला नव्हता, आणि त्या एवढ्या होत्या की त्यांना वगळून काढलेला कोणताही आकडा खोटा ठरला असता. आपण मोजाल तेव्हा त्यांना पहिल्यापासून धरावे आणि किमान तीन कामाचे दिवस मोजावे. सोमवारची गर्दी आणि बुधवारची गर्दी सारखी नसते.

आता त्या आकड्याला गाड्यांत बदलावे. समजा आपल्या मार्गावर तासाला एका दिशेने ६,००० माणसे न्यायची आहेत. ७० प्रवाशांची बस धरली तर ८६ बस लागतील, म्हणजे दर ४२ सेकंदांनी एक. ३०० प्रवाशांची हलकी रेल्वे धरली तर २० गाड्या पुरतात, म्हणजे दर तीन मिनिटांनी एक. हा फरक चौकात दिसतो. सिग्नलचे एक चक्र अडीच मिनिटांचे असेल तर तासात २४ चक्रे होतात. त्यात एका दिशेच्या २० रेल्वेगाड्यांना हिरवा दिवा राखून देणे शक्य आहे, पण ८६ बस प्रत्येक चक्रात तीन-चारच्या झुंडीने येणार आणि पुढची बस थांब्यावर उभी असेल तर मागच्या तिच्यामागे रांगेत थांबणार. हलक्या रेल्वेच्या बाजूने बोलणाऱ्याने आपला सारा भर या एका हिशेबावर द्यावा आणि ‘जागतिक दर्जा’, ‘शहराचा चेहरा’ असली भाषा कटाक्षाने टाळावी. चालक किती लागतील, हेही याच हिशेबातून निघते, आणि दर महिन्याचा खर्च मुख्यतः तिथेच असतो.

बसची बाजू घेणाऱ्याकडेही तितकेच वजनदार उत्तर आहे. मोजणीत ६,००० ऐवजी २,५०० माणसे निघाली तर ३६ बस पुरतात आणि वरचा सारा युक्तिवाद गळून पडतो. शिवाय बस राखीव मार्ग सोडून विमाननगरच्या आत किंवा कंपनीच्या फाटकापर्यंत जाऊ शकते, तर रुळांवरची गाडी प्रवाशाला चौकात उतरवते आणि पुढची रिक्षा त्याची त्याला शोधावी लागते. बंद पडलेल्या बसला मागची बस वळसा घालून जाते, पण रुळावर अडकलेली एक गाडी सगळी रांग थांबवते. पावसाळ्यात ज्या रस्त्यावर दर वर्षी गुडघाभर पाणी साचते, तिथे रस्त्याच्या पातळीवरील रुळांचा निचरा कसा होणार, हे लेखी विचारलेच पाहिजे.

आणि तरीही या दोघांना एक गैरसोयीचा प्रश्न समान आहे. रस्त्याच्या पातळीवरील हलक्या रेल्वेला दोन्ही दिशा मिळून जवळपास तेवढीच रुंदी लागते जेवढी बीआरटीला, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गाला लागते, आणि थांब्याच्या जागी दोघांनाही त्याहून अधिक. दुचाकीस्वारांनी बसचा मार्ग व्यापला, गर्दीच्या वेळी तो कोणी मोकळा ठेवला नाही, आणि शेवटी वाहतूक कोंडीचे खापर त्याच मार्गावर फुटून तो काढला गेला, असे ज्या शहरात घडले, तिथे रूळ टाकल्यावर हेच का घडणार नाही? दिल्लीतही आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा बस मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या दशकात मोडला गेला. मुंबईत १९०७ पासून धावणाऱ्या विजेच्या ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाल्या, त्यामागेही रस्त्यावरील जागेची ओढाताण होतीच. रूळ दिसले की लोक आपोआप बाजूला होतात, हा समज मला भाबडा वाटतो. अडथळे कसे उभारणार, दंड कोण करणार आणि पादचारी रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यावर कसा पोहोचणार, या तीन गोष्टींचे उत्तर प्रस्तावात नसेल तर तो प्रस्ताव बसचा असो वा रेल्वेचा, त्याला विरोधच करावा.

खांबांवरून जाणारी उन्नत मेट्रो या प्रश्नातून सुटते, कारण ती रस्ता मागत नाही. ती पैसा आणि जिना मागते. जिन्याचा हिशेब असा करावा. ताशी ३२ किलोमीटरच्या सरासरीने मेट्रो आणि ताशी २० च्या सरासरीने राखीव मार्गावरील बस धरली तर १५ किलोमीटरच्या प्रवासात २८ आणि ४५ मिनिटे लागतात, म्हणजे मेट्रो सतरा मिनिटे वाचवते. तीन किलोमीटरच्या प्रवासात हाच फरक साडेतीन मिनिटांचा राहतो आणि तो दोन मजले चढण्या-उतरण्यात व तपासणीच्या रांगेत निघून जातो. त्यामुळे आपल्या उपनगरातले लोक किती लांब जातात हे विचारल्याशिवाय वेगाची तुलना ऐकूनच घेऊ नये. शेजारच्या सोसायटीतील घरकाम करणाऱ्या ताई दोन थांबे जातात, आणि त्यांच्यासाठी उन्नत स्थानक हा फायदा नसून चढण आहे.

पैशांची तुलना करताना सर्वाधिक फसगत होते. पुण्यातील वनाझ-चांदणी चौक आणि रामवाडी-वाघोली असे दोन विस्तार मिळून १२.७५ किलोमीटरसाठी ३,६२६ कोटी रुपये मंजूर झाले, म्हणजे किलोमीटरला सुमारे २८४ कोटी. ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला ऑगस्ट २०२४ मध्ये १२,२०० कोटींची मंजुरी मिळाली, म्हणजे सुमारे ४२१ कोटी. नाशिकच्या निओसाठी सुमारे ३३ किलोमीटरला २,१०० कोटी धरले होते, म्हणजे अवघे ६४ कोटी. हे तीन आकडे शेजारी मांडून कोणी ‘निओ सगळ्यांत स्वस्त’ असे म्हणाला तर त्याला तिथेच थांबवावे. नाशिकचा अंदाज २०१९ च्या सुमाराचा आहे, ठाण्याच्या मार्गात तीन किलोमीटर भुयार आहे, आणि पुण्याचे काम आधीच धावणाऱ्या मार्गिकेचा विस्तार आहे. शिवाय स्वस्त असूनही निओ वर्षानुवर्षे कागदावरच राहिली, हेही त्याच्या किमतीतच धरायला हवे. एकाच वर्षाच्या दराने, भूसंपादन, डेपो, गाड्या आणि कर यांच्यासह आकडा मागावा. त्याबरोबरच दर वर्षीची तूट कोणाच्या खात्यात पडणार हेही विचारावे. पीएमपी या शहर बससेवेची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात, तसा वाटा नव्या व्यवस्थेत लेखी ठरलेला आहे का, याचे उत्तर पुष्कळदा मिळत नाही.

सुनावणीत वेळ फार तर तीन मिनिटे मिळते, त्यामुळे खरी लढाई कागदावर होते. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार मदत मागणाऱ्या प्रस्तावात पर्यायांचे विश्लेषण असणे बंधनकारक आहे, आणि त्यात बस, हलकी रेल्वे व मेट्रो यांची मागणी, क्षमता व खर्च या अंगांनी तुलना अपेक्षित आहे. हे विश्लेषण जाहीर झालेले नसेल तर माहिती अधिकारात मागावे. मिळाले की त्यातील गर्दीच्या तासाचा आकडा आपल्या वहीतील आकड्याशी ताडून पाहावा, आणि तफावत असेल तर आपल्या मोजणीची तारीख, वेळ व जागा देऊन ती एका पानात लिहावी. ‘आमचा विरोध आहे’ अशा वाक्याने पत्र सुरू केले की अधिकारी ते विरोधाच्या गठ्ठ्यात टाकतो. ‘पान अमुक, तक्ता अमुक’ असे सुरू केले की त्याला उत्तर लिहावेच लागते. हरकत मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता दोन प्रतींत द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घेऊनच खिडकीपासून हलावे.