डीएलएलचा जिटर कमी करायचाय आणि एरियाही वाचवायचाय? आधी डिले लाईन छाटा

डीएलएलमध्ये (डिले लॉक्ड लूप, क्लॉकला मोजून डिले देत रेफरन्सशी जुळवणारं सर्किट) जिटर, म्हणजे क्लॉकच्या एजची (० ते १ बदलाची) वेळ मागेपुढे हलणं, जास्त येतोय म्हटलं की लगेच डीकॅप (सप्लाय स्थिर ठेवणारे कॅपॅसिटर) ओतायचे, लूप फिल्टरचा कॅपॅसिटर दुप्पट करायचा, आणि मग फ्लोअरप्लॅनवाला (चिपवरची जागा वाटणारा) ओरडला की तेच कॅपॅसिटर कापत बसायचं, हा खेळ मी स्वतः खेळलोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कारण डीएलएलमध्ये जिटर आणि एरिया दोन्हीचा मोठा वाटा एकाच जागी असतो, डिले लाईनमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या गेटांची रांग), आणि ती छोटी केली की दोन्ही एकदम उतरतात.

पीएलएलमध्ये (फेज लॉक्ड लूप, डीएलएलचा भाऊ) व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजवर फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर असतो, त्यात एका सायकलची चूक पुढच्या सायकलमध्ये साठत जाते, डीएलएलमध्ये तसं नाही, एज लाईनमध्ये शिरली, दुसऱ्या टोकाने बाहेर पडली, विषय संपला. म्हणजे प्रत्येक एजला जेवढा वेळ लाईनमध्ये काढावा लागतो तेवढाच वेळ सप्लायचा नॉइज तिला हलवू शकतो. साध्या सीमॉस गेटचा डिले सप्लाय एक टक्का हलला की साधारण एक टक्का हलतो असं धरून चाला. १.८ व्होल्टवर ४० मिलिव्होल्टचा झटका म्हणजे सव्वादोन टक्के, आणि एज लाईनमध्ये २.५ नॅनोसेकंद असेल तर झाले ५५ पीकोसेकंद. हळू हलणारा नॉइज लूप स्वतः सुधारून घेतो, पण लूपच्या बँडविड्थपेक्षा फास्ट असलेला सरळ आउटपुटला येतो. आणि हो, इनपुट क्लॉकचाच जिटर खराब असेल तर डीएलएल तो गाळत नाही, तो पुढे ढकलतो, तेव्हा आधी तिकडे बघा.

आता उदाहरण घेऊ डीडीआर२ रॅममधल्या डीएलएलचं. तिथे क्लॉकचा पीरियड २.५ नॅनोसेकंदापासून (८०० च्या स्पीडला) कमाल ८ नॅनोसेकंदापर्यंत चालतो. लाईन अधिक रेप्लिका (आउटपुट ड्रायव्हरच्या डिलेची नक्कल) मिळून पूर्ण पीरियडच्या पटीत बसायला हवं, म्हणजे वाईटात वाईट केसला लाईनने अख्खे ८ नॅनोसेकंद द्यायला पाहिजेत. एका युनिटला दोन नॅन्ड गेट, टिपिकलला १०० पीकोसेकंद धरा, फास्ट कॉर्नरला (प्रोसेस, व्होल्टेज, तापमान सगळं वेगवान बाजूला) ७० होतात, तर ११५ युनिट लागली. एवढी सगळी युनिटं फक्त हळू क्लॉकसाठी ठेवायची, आणि प्रत्येकाला ते निवडणाऱ्या शिफ्ट रजिस्टरचा एक फ्लॉप वेगळा!

इथे पहिली कात्री. सुरुवातीला एकदा तपासायचं की सरळ क्लॉकने लॉक (एज जुळण्याची जागा) जवळ आहे की उलट्या क्लॉकने, आणि जो जवळ असेल तो लाईनमध्ये सोडायचा. मग लाईनला फक्त अर्धा पीरियड भरायचाय, ११५ च्या जागी ५८ युनिट, आणि २.५ नॅनोसेकंदाच्या क्लॉकला एज लाईनमध्ये जास्तीत जास्त १.२५ नॅनोसेकंद राहते म्हणून वरचे ५५ पीकोसेकंद आपोआप २८ च्या आसपास येतात. दोन गोष्टी मात्र पाळा. एक, हा निर्णय स्टार्टअपलाच घ्या आणि नंतर गोठवा, तापमान बदलल्यावर अधेमध्ये पोलॅरिटी पलटली तर अर्ध्या पीरियडची उडी बसेल, म्हणून दोन्ही टोकांना थोडी युनिटं जास्तीची ठेवा. दोन, इनपुटची ड्युटी (पीरियडमधला हाय राहण्याचा हिस्सा) ४८ टक्के असेल तर उलटवल्यावर ती ५२ होते, त्यामुळे ड्युटी करेक्शन मागे लावणार असाल तर त्याची रेंज दोन्ही बाजूला हवी.

दुसरी कात्री कोर्स (अख्खी युनिटं) आणि फाइन (एका युनिटच्या आतले बारीक स्टेप) यांच्या सीमेवर, आणि खरं सांगायचं तर बहुतेक डिजिटल डीएलएलचा सगळ्यात घाणेरडा जिटर इथेच निघतो. फाइनचे ८ स्टेप आहेत, १०० पीकोसेकंदाला भागले तर एक स्टेप १२.५ चा, कागदावर छान. पण फाइन शेवटच्या स्टेपवरून शून्यावर येतो त्याच क्षणी कोर्स एकाने वाढायला हवा, आणि हे दोन्ही कधीच एकाच क्षणी होत नाहीत, शिवाय फाइनची पूर्ण रेंज कॉर्नरनुसार १०० च्या जागी ८५ किंवा ११५ झालेली असते. मग लॉक नेमका त्या सीमेवर बसला की लूप पुढे मागे करत राहतो आणि तुम्ही म्हणता स्टेप तर १२.५ चा आहे, मग जिटर एवढा का.

यावर जुना इलाज दोन कोर्स लाईनचा. ए लाईनचा टॅप (लाईनमधून एज बाहेर काढायची जागा) ४ वर, बी लाईनचा टॅप ५ वर, आणि मधे फेज मिक्सर दोघांच्या एज मिसळतो. मिक्सर हळूहळू पूर्ण बीकडे सरकला की एचं वजन शून्य असतं, तेव्हा एला गुपचूप ४ वरून ६ वर नेऊन ठेवायचं, आउटपुटला काहीच कळत नाही, आणि मग मिक्सर परत एकडे सरकवायचा. उडी अशी राहतच नाही. फक्त एरिया दुप्पट झाला ना, दोन लाईन! म्हणून दोन लाईन ठेवूच नका, एकच लाईन ठेवा आणि तिच्यातून सम टॅप एका वाटेने, विषम टॅप दुसऱ्या वाटेने बाहेर काढा. शेजारचे दोन टॅप नेहमी एक सम एक विषम असतात, त्यामुळे मिक्सरला हवं ते मिळतं आणि एक अख्खी लाईन वाचते. फक्त दोन्ही वाटांचं वायरिंग आणि लोड तंतोतंत सारखं ठेवा, नाहीतर एकाआड एक टॅपला ऑफसेट दिसेल. आणि मिक्सरच्या दोन एजमधलं अंतर त्यांच्या राइज टाइमपेक्षा कमी असू द्या, जास्त झालं तर मधे पायरी पडते आणि स्टेप सारखे राहत नाहीत.

फेज डिटेक्टरने (दोन एजपैकी कोणती आधी आली ते सांगणारं सर्किट) प्रत्येक सायकलला पुढे मागे सांगितलं आणि तुम्ही प्रत्येक वेळी लाईन हलवली तर वेगळाच घोळ होतो. केलेला बदल लाईन, रेप्लिका असं फिरून डिटेक्टरला दिसायला काही सायकल लागतात, तोवर लूप अजून दोन तीन स्टेप त्याच दिशेला टाकून मोकळा. मग परत उलट. म्हणून लूपची लेटन्सी मोजा, ती ८ सायकल असेल तर १६ सायकलला एकदाच अपडेट करा, आणि लागोपाठ तीनदा एकच उत्तर आलं तरच हलवा. यासाठी दोनचार फ्लॉप लागतात, एवढ्या स्वस्तात दुसरा कुठलाच जिटर कमी होत नाही. पण लॉक मिळेपर्यंत हे फिल्टर बायपास ठेवा, कारण डीडीआर२ मध्ये डीएलएल रीसेटनंतर लॉकला २०० सायकलच मिळतात.

अॅनालॉगवाल्यांसाठी थोडक्यात. लूपची बँडविड्थ म्हणजे चार्ज पंपचा (कॅपॅसिटर भरणारा, रिकामा करणारा) करंट, लाईनचा गेन (कंट्रोल व्होल्टेज एक व्होल्ट हलला की डिले किती हलतो) आणि रेफरन्स फ्रिक्वेन्सी यांचा गुणाकार भागिले कॅपॅसिटर, एवढंच गणित आहे. म्हणून कॅपॅसिटर वाढवण्याआधी गेन पाडा. कोर्स सिलेक्शन डिजिटल करून कंट्रोल व्होल्टेजला फक्त छोटी रेंज दिली, गेन १ नॅनोसेकंद प्रति व्होल्टवरून ०.२ वर आणला, तर तीच बँडविड्थ पाचव्या हिश्शाच्या कॅपॅसिटरमध्ये मिळते. वर कंट्रोल लाईनवरचा ५ मिलिव्होल्ट नॉइज आधी ५ पीकोसेकंद हलवायचा तो आता १ हलवतो (कॅपॅसिटर लहान झाल्यामुळे कपलिंग थोडं वाढतं, ती वायर शील्ड करा). आणि १८० नॅनोमीटरमध्ये १० पीकोफॅरडसाठी मिम कॅप (धातूच्या दोन थरांमधला कॅपॅसिटर) वापरत असाल तर साधारण १०० गुणिले १०० मायक्रॉन जागा जाते, तेच मॉस कॅपने (ट्रान्झिस्टरच्या गेटचा कॅपॅसिटर) ३५ गुणिले ३५ मध्ये होतं, अट एवढीच की व्होल्टेज थ्रेशोल्डच्या बऱ्यापैकी वर राहिला पाहिजे. ६५ नॅनोमीटर आणि खाली गेलात तर पातळ ऑक्साइड गळतं, तिथे आयओचा जाड ऑक्साइडवाला डिव्हाइस घ्या, जागा थोडी जास्त गेली तरी चालेल.

रेप्लिकामध्ये मात्र कंजूषी करू नका. एरिया वाचवायला लोक आउटपुट ड्रायव्हरची बारकी कॉपी टाकतात, टिपिकलला ती बरोबर जुळते पण व्होल्टेज आणि तापमान बदललं की ती वेगळी आणि खरा ड्रायव्हर वेगळा चालतो, आणि हा जिटर नसून सरकणारा ऑफसेट असतो, तो कुठलाच फिल्टर काढत नाही.

लाईनला स्वतःचा सप्लाय किंवा छोटा रेग्युलेटर द्या, न वापरलेली युनिटं क्लॉक गेट करून झोपवा म्हणजे लाईन स्वतःचाच सप्लाय कमी हलवेल, आणि मग जी रिकामी जागा उरली तिथे डीकॅप भरा.

रीसेटला लाईन नेहमी सगळ्यात कमी डिलेवर ठेवा आणि पहिलं क्रॉसिंग दिसेपर्यंत डिटेक्टरचं न ऐकता एकाच दिशेला चालवा. मी हे एकदा सोडलं होतं, टिपिकलला सगळं झकास, आणि स्लो कॉर्नरला पठ्ठ्या एका पीरियडच्या जागी दोन पीरियडवर लॉक होऊन बसला, म्हणजे लाईनमध्ये जास्तीचा एक अख्खा पीरियड आणि त्याचा जिटर फुकट. दोन दिवस मी सप्लायमध्ये खोट शोधत होतो.

सिम्युलेशनमध्ये सप्लायवर १० ते १०० मेगाहर्ट्झची साइन वेव्ह टाकून बघा, शांत सप्लायवर आलेला जिटर कुणाला दाखवू नका. आणि एनजीस्पाइस (सर्किट सिम्युलेटर) वापरत असाल तर कमाल टाइमस्टेप १ पीकोसेकंद किंवा त्याच्या खाली बांधून टाका. मी तो मोकळा सोडला होता, १५ पीकोसेकंद जिटर दिसत होता, लाईन तीनदा रीडिझाइन केली, काही फरक नाही. शेवटी लाईनच्या जागी एक साधी आदर्श डिले टाकून बघितली तर तिलाही १५ पीकोसेकंदच जिटर, म्हणजे तो सगळा सिम्युलेटरचाच होता.