सरंजामाच्या कागदांवरून घराण्याचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

घरच्या दप्तरात सरंजामाची सनद सापडली की कुलवृत्तान्त लिहिणारा बहुधा "अमुक गावे आमच्या मालकीची होती" असे लिहून मोकळा होतो, आणि पुढच्या बहुतेक चुका या एका वाक्यातून निघतात. ठरलेल्या संख्येचे स्वार बाळगून सरकारचाकरीस हजर राहण्याबद्दल गावच्या महसुलातून लावून दिलेली नेमणूक, इतकाच सरंजामाचा मूळ अर्थ होता. जमीन वंशपरंपरेने कसणारा मिरासदार, पाटील आणि कुलकर्णी आपापल्या जागी कायम राहत. सरंजामदाराला मिळे तो सरकारी वसूल, आणि तोही अनेकदा पुरता मिळत नसे. चौथाईतून, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्श्यातून, बाबती (राजाचा वाटा) 25 टक्के, साहोत्रा (पंत सचिवाचा वाटा) 6 टक्के आणि नाडगौंडा (राजाच्या मर्जीने द्यावयाचा वाटा) 3 टक्के वेगळे निघाल्यावर उरलेला 66 टक्के मोकासा सरदारांकडे जाई. त्यामुळे एकच गाव दोन घराण्यांच्या कागदांत दिसले, तर एक कागद बनावट ठरवण्याची घाई करू नये.

वतन, म्हणजे पाटीलकीसारखा वंशपरंपरेचा हक्क, ही निराळी बाब आहे. शिंद्यांची कण्हेरखेडची पाटीलकी वंशपरंपरेची होती; माळव्यातील त्यांचा मुलूख मात्र फौजेच्या खर्चासाठी होता. सरंजामदार वारल्यावर वारसाने नजराणा भरून नवी सनद घ्यावी लागे आणि चाकरीत कसूर झाल्यास सरंजाम जप्तही होई. अठराव्या शतकात बहुतेक सरंजाम व्यवहारात वडिलोपार्जितच बनले हे खरे असले, तरी तो हक्क चाकरीला बांधलेला होता हे विसरू नये.

सनदेतील आकडा हे घराण्याचे उत्पन्न समजणे ही तितकीच सर्रास होणारी चूक आहे. तो आकडा पुष्कळदा जुन्या तनख्याचा, म्हणजे पूर्वी ठरवलेल्या महसूल आकारणीचा, असतो. प्रत्यक्ष वसूल दुष्काळाने, स्वाऱ्यांनी किंवा लागवड वाढल्याने बराच बदललेला असे. शिवाय जात सरंजाम (सरदाराच्या स्वतःच्या खर्चासाठीचा) आणि फौज सरंजाम हे भाग वेगळे असून दुसऱ्यातील पैसा स्वारांच्या पगारावर खर्च होणे अपेक्षित होते, आणि त्यावर नजर ठेवण्यासाठी सरकारचे दरखदार (हिशेब तपासणारे अधिकारी) सरदारांकडे नेमलेले असत. म्हणून सनदेइतकाच त्या वर्षांचा ताळेबंद शोधावा.

तारखा जुळत नसतील, तर आधी सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलेला सन, तपासावा. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीस, सुरू होते. म्हणून इसवी सन काढण्यासाठी मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवावे लागतात. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे 1161. जानेवारी 1761 मधील पानिपतची लढाई त्याच सनात येते.

"शिवाजी महाराजांनी आम्हांस सरंजाम दिला" ही परंपरा असल्यास पुरावा अधिक कडक मागावा, कारण महाराजांचा कल रोख वेतनाकडे होता आणि सरंजामांचे पेव फुटले ते 1689 नंतर, राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांकडे वळणारे सरदार राखून ठेवण्यासाठी. 1818 नंतरचे कंपनी सरकारचे कागद तर वेगळेच वाचावेत. त्यांतील अनेक सरंजाम फौजेच्या चाकरीपेक्षा राजकीय सोय म्हणून चालू ठेवलेले होते, आणि 1952 साली मुंबई राज्याने ते खालसा केले.