आवडत्या दिग्दर्शकावरची डॉक्युमेंटरी बघून झाली, आता त्याच्या सिनेमांचं काय करायचं?

सगळे भाग सलग बघून झाले की लोक साधारण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर रातोरात वॉचलिस्ट साफ करून तावातावाने पोस्ट टाकतात, नाहीतर "एकतर्फी आहे सगळं, बाईने सूड उगवलाय" म्हणून हात झटकून मोकळे होतात. दोन्हीत सोय एकच, पुढे डोकं चालवावं लागत नाही. हे खालचं सगळं मधल्या लोकांसाठी आहे, ज्यांना त्या माणसाचे सिनेमे खरंच मनापासून आवडायचे आणि आता नक्की काय वाटून घ्यायचं तेच कळत नाहीये.

उदाहरण अमेरिकी दिग्दर्शक वुडी ॲलनचंच घेऊ, कारण त्याच्यावरची 'ॲलन व्हर्सेस फॅरो' ही एचबीओची चार भागांची मालिका २०२१ च्या फेब्रुवारीत आली तेव्हापासून हा घोळ बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. त्याची दत्तक मुलगी डिलन फॅरो हिचा आरोप आहे की लहानपणी त्याने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. सुरुवातीलाच सांगून टाकतो, ॲलनने हा आरोप कायम नाकारलाय आणि त्याच्यावर कधीही गुन्हा दाखल झाला नाही, आणि डिलन फॅरो मोठी झाल्यावरही तिच्या म्हणण्यावर ठाम आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि पुढचं सगळं त्या धरूनच.

तर पहिलं काम म्हणजे प्रश्न फोडा. "तो दोषी आहे का" हा एकच प्रश्न घेऊन बसलात तर बसूनच राहाल, कारण तिथे न्यायाधीश आणि सरकारी वकीलसुद्धा अडकले होते. त्याऐवजी चार वेगळे प्रश्न करा: नोंदींमध्ये काय आहे, डॉक्युमेंटरी मला ते कसं दाखवते, सिनेमात पडद्यावर काय आहे, आणि माझे पैसे आणि माझी शिफारस कुठे जाते. चौघांची उत्तरं एकमेकांशी जुळलीच पाहिजेत असं काही नाही. बहुतेक भांडणं होतात ती एक जण पहिल्या प्रश्नाबद्दल बोलत असतो आणि दुसरा चौथ्याबद्दल, म्हणून.

नोंदींसाठी एक कागद घ्या आणि तारखा लिहून काढा, खरंच लिहा, कारण डॉक्युमेंटरी पुढेमागे उड्या मारते आणि आपल्याला क्रम लक्षात राहत नाही. जानेवारी १९९२ मध्ये डिलनची आई आणि ॲलनची तेव्हाची जोडीदार मिया फॅरो हिला ॲलनच्या फ्लॅटमध्ये सून-यीचे नग्न पोलरॉइड फोटो सापडले, सून-यी म्हणजे मिया आणि तिचा आधीचा नवरा आंद्रे प्रेविन यांची दत्तक मुलगी, जिच्याशी ॲलनने पुढे लग्न केलं. आरोप ज्या दिवसाबद्दल आहे तो ४ ऑगस्ट १९९२, जागा कनेक्टिकटमधल्या ब्रिजवॉटरचं मियाचं घर, डिलन तेव्हा सात वर्षांची. १३ ऑगस्टला ॲलनने मुलांच्या ताब्यासाठी केस टाकली. मार्च १९९३ मध्ये येल-न्यू हेवन हॉस्पिटलच्या, डिलनला तपासणाऱ्या टीमने निष्कर्ष दिला की मुलीवर लैंगिक अत्याचार झालेला नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश इलियट विल्क यांनी ताबा मियाला दिला. सप्टेंबरमध्ये कनेक्टिकटचे सरकारी वकील फ्रँक मॅको म्हणाले की खटला भरण्याइतका आधार आहे पण मुलीला कोर्टात ओढायचं नाही म्हणून भरणार नाही. आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या समाजकल्याण खात्याने सांगितलं की विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही.

आता या कागदाकडे बघा. दोन्ही बाजूचे लोक याच तारखा वापरतात. एक बाजू म्हणते फोटो आधी सापडले, आरोप नंतर आला, म्हणजे सूडाचं कारण उघड आहे. दुसरी म्हणते डिलनशी त्याचं वागणं त्याआधीपासूनच घरात काळजीचा विषय होतं, आणि ताब्याच्या केसमध्ये एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी साक्षच दिली की त्यांना ते नातं लैंगिक वाटलं नव्हतं पण गैर वाटावं इतकं तीव्र वाटलं होतं. बघा, हे एकच वाक्य, आणि त्याचा पहिला अर्धा भाग एक बाजू उचलते, दुसरा अर्धा दुसरी. तुम्ही पूर्ण वाक्य उचला.

विल्कचा निकाल तर शक्य असेल तर मूळच वाचा, सारांश नको. त्यात ॲलनच्या वडील म्हणून वागण्यावर कडक ताशेरे आहेत, डिलनशी त्याचं वागणं अत्यंत अयोग्य होतं असं स्पष्ट म्हटलंय, येलच्या टीमच्या नोट्स नष्ट केल्या गेल्या म्हणून त्या रिपोर्टच्या भरवशाबद्दल शंका घेतलीये, आणि त्याच निकालात असंही आहे की अत्याचाराचा खटला यशस्वी होण्याची शक्यता कमी दिसते आणि त्या दिवशी काय झालं ते बहुधा कधीच कळणार नाही. ज्याने सगळे साक्षीदार समोर बसवून ऐकले तो माणूस हे लिहितो. आपण चार भाग बघून त्याच्यापेक्षा जास्त खात्रीने बोलत असू तर ती खात्री कुठून आली हे स्वतःला विचारायला हवं.

बहुतेक वेळा ती येते एडिटिंगमधून. म्हणून दुसरा प्रश्न. डॉक्युमेंटरी कोणी केली ते आधी बघा. कर्बी डिक आणि एमी झिअरिंग या जोडीने याआधी अमेरिकी सैन्यातल्या आणि कॉलेज कॅम्पसवरच्या लैंगिक अत्याचारांवर सिनेमे केलेत, म्हणजे ते कोणाच्या बाजूने उभे राहतात हे लपलेलं नाही आणि ते लपवतही नाहीत. यात गैर काही नाही, पण माहीत असावं. मग बघा कोण बोलत नाहीये. ॲलन, सून-यी आणि डिलनचा भाऊ मोझेस, तिघांपैकी कोणाचीच मुलाखत त्यात नाही, ॲलनचा आवाज ऐकू येतो तो त्याच्या आत्मचरित्राच्या ऑडिओबुकमधून कापून घेतलेला. मियाने शूट केलेला सात वर्षांच्या डिलनचा व्हिडिओ येतो, आणि तो बघताना पोटात गोळा येतो, येणारच, तुम्ही दगड नाही आहात. फक्त त्या क्षणी मागे म्युझिक आहे का, आधीचा शॉट कुठला होता, नंतरचा कुठला, हे दुसऱ्यांदा बघताना टिपा. सिनेमावेडे लोक एरवी हेच तर करतात, एका कटवर अर्धा तास बोलतात, आणि डॉक्युमेंटरी लागली की सगळी अक्कल बाजूला ठेवतात ते का कोणास ठाऊक.

एक छोटी गोष्ट जवळून दाखवतो म्हणजे कसं तपासायचं ते कळेल. डिलनने २०१४ च्या जाहीर पत्रात लिहिलंय की त्या वेळी ती पोटमाळ्यावर गोल फिरणाऱ्या खेळण्यातल्या ट्रेनकडे बघत होती. मोझेसने २०१८ च्या लेखात लिहिलं की त्या पोटमाळ्यावर अशी इलेक्ट्रिक ट्रेन नव्हतीच, आणि बऱ्याच लोकांना वाटलं की झालं, इथेच सगळं कोसळलं. मग डॉक्युमेंटरीने पोलिसांनी तेव्हा काढलेलं त्या जागेचं चित्र दाखवलं, त्यात ट्रेनच्या रुळांची नोंद आहे, आणि आता दुसऱ्या बाजूच्या लोकांना वाटलं की झालं, सिद्ध झालं. अरे पण काय सिद्ध झालं? रूळ होते एवढंच. मोझेसचा एक मुद्दा त्याने ढिला पडतो आणि ते महत्त्वाचंच आहे, पण मूळ प्रश्न होता तिथेच आहे. प्रत्येक "धक्कादायक खुलाशा"ला हाच प्रश्न लावा, याने नक्की किती सिद्ध होतं, एक इंच की एक मैल.

डॉक्युमेंटरी संपल्यावर जे त्यात नव्हतं ते वाचा, म्हणजे मोझेसचा तो पूर्ण लेख आणि ॲलनने २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये दिलेलं उत्तर. आत्मचरित्र वाचायचा धीर असेल तर तेही, पण सून-यीबद्दलची पानं वाचून तुमचं मत त्याच्या बाजूने झुकेलच असं नाही. कोण कोणाच्या बाजूने आहे ही यादी मात्र करू नका. डायन कीटन आणि स्कार्लेट जोहान्सन यांनी जाहीरपणे ॲलनवर विश्वास असल्याचं सांगितलं, टिमथी शॅलमेने त्याच्या सिनेमाचं मानधन दान करून टाकलं, आणि हे सगळेच त्याच्याबरोबर काम केलेले लोक. नट-नट्यांची मतं मोजून काही निघत नाही.

आणि सगळ्यांना एका पोत्यात भरू नका. दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीने १९७७ मध्ये अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंधांचा गुन्हा कोर्टात कबूल केला आणि शिक्षा व्हायच्या आधी १९७८ मध्ये देश सोडून पळाला, तिथे "काय घडलं कोणास ठाऊक" म्हणायला जागाच नाही. गायक आर. केलीला २०२१ मध्ये लैंगिक शोषणाच्या प्रकरणात ज्युरीने दोषी ठरवलं. ॲलनचं प्रकरण तसं नाही. कबुली वेगळी, शिक्षा वेगळी, आरोप वेगळा, आणि तिन्हींना एकच शब्द वापरणाऱ्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे, कारण इथे कोणाच्या साक्षीची गरजच नाही. सिनेमा पुन्हा लावा. 'मॅनहॅटन' लावा, १९७९ चा. त्यात ॲलनने केलेला आयझॅक ४२ वर्षांचा आहे आणि त्याची गर्लफ्रेंड ट्रेसी १७ वर्षांची, शाळेत जाणारी. सुरुवातीलाच रेस्टॉरंटमध्ये चौघं बसलेत आणि तो स्वतःच विनोद करतो की आपण जिच्याबरोबर फिरतो तिला गृहपाठ असतो. मित्र हसतात. आपणही हसलो होतो. गॉर्डन विलिसची ती ब्लॅक अँड व्हाइट फोटोग्राफी, गर्श्विनचं संगीत, पुलाजवळचा तो बाक, सगळं इतकं सुंदर आहे की त्या आकड्यांवर नजर ठरतच नाही. ट्रेसीचं काम करणारी मेरिएल हेमिंग्वे शूटिंगच्या वेळी १६ ची होती. यावेळी बघताना फक्त ट्रेसीकडे बघा, कोण तिच्याशी बोलतंय, कोण तिच्याबद्दल बोलतंय, ती काही बोलली की कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर जातो. कथेत सगळ्यात समजूतदार तीच आहे आणि मोठ्यांना हे फार सोयीचं पडतं, लक्षात येतंय का? हा पुरावा नाही हां, कथा लिहिली म्हणून गुन्हा केला असं कोणी म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा, तसं असतं तर खुनाच्या कथा लिहिणारे सगळे आत गेले असते. पण सिनेमाने आपल्याला काय गोड करून भरवलं आणि आपण काय सहज गिळलं, हे डिलनचं म्हणणं खरं असो वा नसो, तुम्ही आज रात्री घरबसल्या तपासू शकता.

"कला वेगळी, कलाकार वेगळा" हे वाक्य ॲलनच्या बाबतीत का लंगडं पडतं तेही इथेच कळतं. दुसरा एखादा दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे असतो, हा समोर असतो, चष्मा, चाचपडत बोलणं, सगळ्याला घाबरणारा, कोणाला काही करू न शकणारा निरुपद्रवी माणूस. आपण प्रेम केलं ते त्या माणसावर. म्हणूनच आरोप ऐकून काहींना "तो असं करूच शकत नाही" वाटतं आणि काहींना दुप्पट फसवल्यासारखं, आणि दोघेही खरं तर पात्राबद्दल बोलत असतात, माणसाला आपण ओळखतच नव्हतो.

उलट बाजूही बघा. १९८२ ते १९९२ या काळात मिया फॅरोने त्याच्या १३ सिनेमांत काम केलं. 'हॅना अँड हर सिस्टर्स'चा बराच भाग तिच्या स्वतःच्या घरात शूट झालाय, तिची मुलंही त्यात दिसतात. 'द पर्पल रोझ ऑफ कैरो'मधलं तिचं काम बघा, थिएटरमध्ये बसून पडद्याकडे बघणारा तो चेहरा. सगळंच फेकायचं ठरवलंत तर तिचं आयुष्यातलं उत्तम कामही त्यात जातं. फेकायचं नसेल तरी हरकत नाही, फेकायचं असेल तरी, फक्त काय काय जातंय ते बघून मग.

पैशाचं सोपं आहे, लवकर उरकू. तो हयात आहे, सिनेमे करतो, २०२३ मध्ये त्याचा पन्नासावा सिनेमा आला, तेव्हा नवीन तिकीट काढणं आणि घरात आधीच असलेली डीव्हीडी लावणं या एकच गोष्टी नाहीत. ॲमेझॉनने २०१८ मध्ये त्याच्याशी केलेला करार मोडला, त्याने ६ कोटी ८० लाख डॉलरचा दावा ठोकला आणि २०१९ मध्ये तडजोड झाली, म्हणजे मोठ्या कंपन्या त्यांचं गणित त्यांच्या पद्धतीने करतात, तुम्ही तुमचं करा. कोर्टाला शंकेपलीकडचा पुरावा लागतो कारण तिथे माणूस तुरुंगात जातो. तुम्ही फार तर एक सिनेमा बघणार नाही, त्याला नुसतं "मला आता नको वाटतंय" एवढं कारणही पुरतं. मात्र "त्याने केलंच" किंवा "तिने रचलंच" असं जाहीर लिहायला ते कारण पुरत नाही.

मित्रांमध्ये बोलताना एक पथ्य पाळा. ॲलन तुमचा मेसेज वाचणार नाहीये, पण ग्रुपमध्ये असं कोणीतरी असू शकतं ज्याच्याबरोबर लहानपणी काही घडलंय आणि ज्याने कधी सांगितलं नाहीये. "इतक्या वर्षांनी का बोलली", "सात वर्षांच्या पोराला काय आठवतं" ही वाक्यं तुम्ही ॲलनबद्दल टाकता, ग्रुपमधला तो माणूस ती वाचतो स्वतःबद्दल. ॲलनचा बचाव करायचाच असेल तर येलच्या रिपोर्टवरून करा, मॅकोने खटला का भरला नाही त्यावरून करा, करण्यासारखे मुद्दे आहेत. ही वाक्यं नकोत.

आणि कोणी नवीन माणसाने विचारलं की ॲलनचं सुरुवातीला काय बघू, तर सिनेमाचं नाव सांगा आणि त्याच दमात आरोपाबद्दलही सांगा, दोन वाक्यांत, आरोप काय, त्याचं म्हणणं काय, तिचं काय. नंतर कुठून तरी कळून त्याला तुमच्यासारखं अर्ध्या रात्री वॉचलिस्ट घेऊन बसायला लागण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं, मग बघायचं की नाही ते तो ठरवेल.