जुन्या वाचनालयाची यादी वाचकाच्या फोनवर कशी आणावी

वाचनालय ‘डिजिटल’ करायचं असा विषय कार्यकारिणीच्या सभेत निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो: स्कॅनर केवढ्याला मिळतो? आमच्या लालबागच्या वाचनालयातही तोच आला होता. हा प्रश्न निदान वर्षभर बाजूला ठेवा. वाचकाला पुस्तकाची पानं फोनवर नको असतात. पुस्तक तुमच्याकडे आहे का आणि आत्ता जागेवर आहे का, एवढंच त्याला घरबसल्या कळायला हवं असतं. डोंबिवलीला राहायला गेलेले आमचे एक जुने सभासद शनिवारची लोकल पकडून एका कादंबरीसाठी यायचे आणि ‘बाहेर गेलंय’ ऐकून माघारी फिरायचे. तीनदा असं झाल्यावर चौथ्या खेपेला ते अनामत परत मागायलाच आले.

म्हणून आधी यादी, मग देवघेव, मग फोन. स्कॅनिंग सगळ्यात शेवटी, आणि तेही थोडंच. आमच्याकडे बारा हजारांच्या आसपास पुस्तकं, दोन संगणक (त्यातला एक कुणाच्या तरी कचेरीतून निवृत्त झालेला) आणि पगारी माणूस एकच. त्यात जे जमलं आणि जे फसलं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: पुस्तक हातात घ्या

दाखल नोंदवहीवरून (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमांकाने उतरवतात ती वही) यादी टाइप करायचा मोह होतो, कारण खुर्चीवरून उठावं लागत नाही. तो टाळा. नोंदवहीत पुस्तकं फक्त वाढतात. गहाळ झालेली, पावसात भिजून गेलेली, नव्वद साली कुणी नेऊन परत न केलेली तिथे जिवंतच असतात. आमच्या वहीत चौदा हजारांच्या वर आकडा होता. कपाटात दोन हजार पुस्तकं कमी निघाली. वहीवरून यादी केली असती, तर ही दोन हजार पुस्तकं आम्ही वाचकांना फोनवर दाखवत बसलो असतो.

तेव्हा एकेक कपाट रिकामं करायचं, पुस्तक पुसायचं, आतल्या शिक्क्यावरचा दाखल क्रमांक बघायचा आणि नोंदवहीत पेन्सिलीने बारीक टिंब करायचं. टिंब नसलेली ती गहाळ. त्यांची वेगळी यादी करून कार्यकारिणीपुढे ठेवा. ठराव झाल्याशिवाय वहीतलं काही खोडू नका. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान असेल, तर तपासणीला येणारा माणूस आधी नोंदवहीच मागतो. संगणक आला म्हणून वही संपत नाही.

हे काम दिवाळीनंतर काढा. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटं उघडून बसलात तर कागद ओल धरतो, कसर सुटते, आणि नवी लेबलं आठवड्यात कोपऱ्यातून उचलली जातात.

दुसरी पायरी: रकाने ठरवा आणि पुन्हा बदलू नका

साध्या स्प्रेडशीटमध्ये सुरुवात करा. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशक, वर्ष, प्रकार, कपाट, शेरा. बस. पानसंख्या, आकार, मुखपृष्ठकार वगैरे उत्साह नको; एका रकान्याचे बारा हजार वेळा कष्ट पडतात.

सभेत कुणीतरी शिकलेलं माणूस ड्युई दशांश पद्धत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत, सुचवेल. १८७६ पासून जगभर चालत आलेली आहे, मोठ्या ग्रंथालयात तिच्याशिवाय भागतही नाही. पण तिच्यात मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६, आणि चाळीतल्या वाचनालयातली निम्म्याहून जास्त पुस्तकं त्याच एका खणात जाऊन बसतात. पुस्तकांच्या पाठीवर ‘का’, ‘ना’, ‘च’ अशी अक्षरं पन्नास वर्षांपूर्वी कुणी रंगवली असतील तर तीच ‘प्रकार’ या रकान्यात उतरवा. वाचकांना ती पाठ आहेत.

तिसरी पायरी: मराठी नीट भरा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकी चुका पुढे निस्तरता येतात. ही चूक बारा हजार ओळींत पसरते.

पहिली गोष्ट, युनिकोडशिवाय (कुठल्याही संगणकावर मराठी सारखीच दिसावी म्हणून ठरलेली अक्षरपद्धत) काहीही टाइप करायचं नाही. जुन्या फाँटात टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. आमची आधीची एक यादी अशीच गेली. ज्यांनी ती करून दिली होती ते दुकान गुंडाळून गेले होते, आणि फाँट त्यांच्याबरोबर.

युनिकोडमध्येही खाचखळगे आहेत. ‘ॲ’ हे आज स्वतंत्र एकच अक्षर आहे. ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी आणि अजूनही बरेच कळफलक ‘अ’ वर चंद्र चढवून ते बनवतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं. ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ्या’ही दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकाने एका तऱ्हेने भरलं आणि वाचकाने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, की पुस्तक कपाटात असूनही ‘नाही’ असं उत्तर येतं. उपाय सोपा: सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक) किंवा फोनवरचा एखादा, आणि दर शंभर नोंदींनंतर ‘शोधा आणि बदला’ चालवून ही अक्षरं एकसारखी करायची.

मग शुद्धलेखन. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘कांही’, ‘नांव’ असंच छापलेलं असतं. शीर्षक छापलं आहे तसंच भरा, तो पुस्तकाचा मान आहे. पण शेऱ्यात आजच्या लेखनातलं रूपही टाका, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. शके दिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा: शके १८५० म्हणजे १९२८. वर्ष चैत्रात बदलत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो, त्याचं दुःख करू नये.

लेखकाचं आडनाव आधी, मग आद्याक्षरं. टोपणनाव आलं की दोन्ही नावं. एका वाचकाला कुसुमाग्रज हवे असतात, दुसऱ्याला वि. वा. शिरवाडकर, कवितेला आरती प्रभू विचारतात, कादंबरीला चिं. त्र्यं. खानोलकर. यादीला ही माणसं एकच आहेत हे आपोआप कळत नाही. आमच्या ग्रंथपाल बाईंना कळतं, पण त्या साडेसातला घरी जातात.

आणि आकडे. दाखल क्रमांक देवनागरीत लिहायचा की इंग्रजी अंकांत, हे पहिल्या दिवशी ठरवा. मी मराठीचा कितीही अभिमानी असलो तरी इथे इंग्रजी अंकच घ्या असं सांगेन. कारण पाचव्या पायरीत येईल.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकला की माहिती आपोआप भरते असं कुणी सांगेल. नव्या पुस्तकांना ते कधीकधी चालतं. पण आपल्या कपाटातल्या जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतोच.

चौथी पायरी: जोड्या लावा

एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. अशी जोडी तासाला साधारण चाळीस पुस्तकं करते. बारा हजारांना तीनशे तास. शनिवार-रविवार तीन-तीन तास बसलं तर एका जोडीला पन्नास आठवडे, दोन जोड्यांना सहा महिने. हे गणित सभेत आधीच मांडा, म्हणजे गणपतीपर्यंत होईल ना, असं कुणी विचारणार नाही.

मुलं कुठून आणायची? जवळच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास सेवा करायची असते आणि बसून करायचं काम त्यांना क्वचितच मिळतं. आमच्याकडे आलेल्या मुलांपैकी निम्म्यांची शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यांना ‘क्ष’ टाइप करायला शिकवण्यात दोन रविवार गेले. पण बोलून टाइप करायची सोय त्यांनीच आम्हाला दाखवली. फोनवर शीर्षक मराठीत बोललं की बहुतेक बरोबर उमटतं. आडनावांत मात्र ती अडखळते, म्हणून दुसऱ्या डोळ्यांची तपासणी हवीच.

इथलीच आमची मोठी फजिती सांगतो. एका रात्री मी लेखकांचा रकाना अकारविल्हे लावला, फक्त तोच एक रकाना. पडद्यावर काहीतरी सूचना आली, मी होकार दिला. सकाळी पाहतो तर शीर्षकं जागच्या जागी आणि लेखक सगळे हललेले: पाककृतीचं पुस्तक एका नाटककाराच्या नावावर. चार हजार नोंदी. आदल्या रविवारची प्रत एका मुलीच्या पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचलो. तेव्हापासून दर रविवारी तारखेच्या नावाने नवी प्रत ठेवतो. तिची एक नक्कल ऑनलाइन, एक इमारतीबाहेर, वरळीला राहणाऱ्या कोषाध्यक्षांच्या घरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तळमजल्यावरच्या वाचनालयाने प्रत त्याच खोलीत ठेवणं म्हणजे न ठेवणं.

फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून साठवाल तेव्हा यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल.

पाचवी पायरी: बारकोड आणि देवघेव

दाखल क्रमांकाचाच बारकोड करा, वेगळा क्रमांक शोधून काढू नका. चिकट कागदावर साध्या प्रिंटरने छापता येतो. लेबल वेष्टनावर नको, कारण वेष्टनाचा खाकी कागद दर दोन वर्षांनी बदलतो. आतल्या पहिल्या पानावर लावा. लॅमिंग्टन रोडला यूएसबीचा साधा स्कॅनर दोनेक हजारांच्या आसपास मिळतो. तो कळफलकासारखाच वागतो: कर्सर असेल तिथे क्रमांक टाइप करून एंटर दाबतो. म्हणजेच संगणक मराठी कळफलकावर असेल तर तो आकडेही देवनागरीत टाकू शकतो, आणि यादीतल्या क्रमांकाशी ते जुळत नाहीत. आमच्या पहिल्याच दिवशी निम्मी पुस्तकं ‘सापडली नाहीत’ ती यामुळे.

देवघेवीसाठी ‘कोहा’ ही प्रणाली फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती बनली, २००० सालापासून वापरात आहे, आणि माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा होतो. मात्र ती विंडोजवर नाही, लिनक्स या दुसऱ्या संगणक-प्रणालीवर चालते. मांडून देणारा आणि पुढेही फोन उचलणारा कुणी ओळखीत असेल तरच तिच्या वाटेला जा. नसेल तर एक वर्ष स्प्रेडशीटमध्येच ‘बाहेर’ आणि ‘जागेवर’ असा रकाना चालवा. छोट्या वाचनालयाला तेवढं पुरतं. विकत प्रणाली घ्यायची झाली तर दाम विचारण्याआधी हे विचारा: आमची सगळी माहिती आम्हाला सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येईल का? उत्तर गुळमुळीत आलं तर चहा घेऊन उठा.

मुंबईत वीज जात नाही असं आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना ऐकवतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ला ती अख्ख्या शहराची गेली होती. टेबलावर छोटा यूपीएस आणि कागदी चिठ्ठ्यांचं पॅड ठेवा.

सहावी पायरी: दारावर क्यूआर

यादीची फक्त वाचता येईल अशी प्रत ऑनलाइन ठेवा, तिचा क्यूआर कोड दारावर आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप गटात. सार्वजनिक प्रतीत पुस्तक बाहेर आहे एवढंच दिसावं. कुणाकडे आहे ते नाही. चाळीत कोण काय वाचतं हा चवीचा विषय असतो, म्हणून हे आवर्जून सांगतो. शिवाय सभासदांचे फोन क्रमांक सांभाळण्याबद्दल आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे.

वर्गणीसाठी दुसरा क्यूआर लावाल तो संस्थेच्या खात्याचा. चिटणीसांच्या स्वतःच्या खात्यावर ‘तात्पुरतं’ घेतलेल्या पैशांनी चांगल्या माणसांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

आता स्कॅनर

काय स्कॅन करायचं हे ठरवण्याआधी ते कुणी केलं आहे का पाहा. एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथ संजीवनी’ हे संकेतस्थळ आणि आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, दोन्हीकडे शोधा. मग हक्क. लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. पण पुस्तकाला नंतर कुणी जोडलेली प्रस्तावना किंवा केलेला अनुवाद मुक्त असेलच असं नाही. आपल्याकडे छापील प्रत असेल तर ती जपण्यासाठी बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला डिजिटल प्रत ठेवता येते, तशी तरतूद कायद्यात आहे. ठेवता येते, वाटता येत नाही.

आम्ही अखेर स्कॅनर घेतलाच नाही. फोनचा कॅमेरा, वर टांगायचा स्टँड, पान सपाट ठेवायला काच, दोन बाजूंनी दोन दिवे. पुस्तकं राहू दिली आणि शेजारच्या चाळीची हस्तलिखितं घेतली: गिरणी कामगारांच्या मुलांनी दर दिवाळीला हाताने लिहून, चित्रं काढून शिवलेले अंक. छापील पुस्तकाची दुसरी प्रत दादरला मिळेल. या अंकांची एकच आहे. ती घडी पडलेली पानं सरळ करायला एकेका अंकाला अख्खा रविवार लागला.

लिहिणाऱ्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी आम्ही गोळा करतो आहोत. दोन कुटुंबं विरारला आणि बदलापूरला सापडली, एक बाई स्वतःच येऊन आपली आठवीतली कविता बघून गेल्या. चार जणांचा पत्ता अजून लागलेला नाही. त्यांची पानं स्कॅन झाली आहेत, पण ती वाचनालयाच्या खोलीतल्या संगणकावरच आहेत.